मोत्याचा साक्षीदार

सोमवारी सकाळी कोशकाकांनी 'म'चा खण उघडला आणि त्यांच्या काळजात धस्स झालं. 'मोतीबिंदू' या शब्दाची चिठ्ठी साक्षीदाराच्या सहीवाचून तशीच पडली होती.

आता एका सहीचं एवढं काय, असं तुम्ही-आम्ही म्हणू. पण कोशकाकांच्या कचेरीत गेली तीस वर्षं एकच पुस्तक तयार होत होतं, आणि त्यातली अठ्ठावीस वर्षं काका त्यावर होते. शरीराच्या अवयवांना आणि आजारांना जी नावं पडली, ती का पडली, हे सांगणारा कोश. संपादकसाहेबांचा नियम असा की कारण ऐकीव चालणार नाही. कोणीतरी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं हवं. म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर तीन रकाने होते : 'कोणात पाहिले', 'कोणी पाहिले' आणि 'कधी पाहिले'. तिन्ही भरल्याशिवाय शब्द छापखान्याची पायरी चढत नसे.

'पायाला मुंग्या येणे' या नोंदीसाठी काका दीड तास पाय दुमडून बसले होते आणि उठताना कपाटावर आपटले होते. त्या चिठ्ठीवरची सही तिरकी आहे ती त्यामुळे. 'रांजणवाडी'साठी तर सगळी कचेरी तीन महिने खोळंबली होती. पापणीवरचा तो फोड खरंच रांजणासारखा फुगीर दिसतो का, हे ठरायचं होतं, आणि कोणाला रांजणवाडी होईल तर शपथ. शेवटी शिपायाला झाली. तो बिचारा रजा मागायला आला होता. त्याला आधी खिडकीशी उभा करून चौघांनी आळीपाळीने बघून घेतलं, मग रजा दिली. काकांची सगळ्यात लाडकी नोंद मात्र 'डोळ्यातली बाहुली'. समोरच्याच्या बुबुळात आपलीच छबी बाहुलीएवढी होऊन दिसते, म्हणून ती बाहुली. लग्नाला वर्ष झालं असताना काकूंच्या डोळ्यांत बघून काकांनी ती सही केली होती. खरं तर एकदा बघून भागलं असतं. काकांनी खात्रीसाठी आठवडाभर पाहिलं होतं.

आणि मोतीबिंदू? त्याची चिठ्ठी तयार होती : 'बाहुलीत मोत्यासारखा पांढुरका ठिपका दिसतो, म्हणून हे नाव.' पण तो काय, कुठेही मिळेल, असं म्हणत म्हणत सगळ्यांनीच तो पुढे ढकलला. माणूस देवाचं नाव पुढे ढकलतो तसाच. शनिवारी 'म'ची पानं छापखान्यात जायची होती. साक्षीदार नाही मिळाला, तर त्या शब्दापुढे छापावं लागणार होतं : 'कारण आढळले नाही.' तीस वर्षांत हे तीन शब्द कोशात एकदाही छापले गेले नव्हते. साहेब म्हणाले, "मिळवा. मला माझ्या पुस्तकात भोक नकोय."

काकांनी मान डोलवली. साहेबांना नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. तीन वर्षांपूर्वी मुद्रितं तपासणाऱ्या जुन्या तपासनिसांची एका डोळ्याची नजर अधू झाली, तेव्हा साहेबांनी त्यांना हात जोडून घरी पाठवलं होतं. ज्याच्या नजरेवर पुस्तक उभं, त्याची नजर गेली की तो घरी, असा दुसरा नियम होता. तेव्हापासून मुद्रितं तपासायचं काम काकांच्या एकट्याच्या नजरेवर होतं.

काका आधी सरळमार्गाने कोपऱ्यावरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "काय त्रास होतोय?"

"त्रास काही नाही. पिकलेला मोतीबिंदू बघायचाय."

"कोणाचा?"

"कोणाचाही चालेल."

बाईंनी पेन खाली ठेवलं. काकांनी खुलासा केला की आपण कोणाला हात लावणार नाही, कोपऱ्यात उभं राहून जाता-येता बघू. त्यावर बाईंनी त्यांना दाराची दिशा दाखवली. पण बाई मनाने वाईट नव्हत्या. काका पायरी उतरत असताना त्यांनी सांगितलं की हल्ली डॉक्टरबाई मोतीबिंदू पिकूच देत नाहीत, धुरकट दिसायला लागलं की काढून टाकतात. पांढराशुभ्र मोती डॉक्टरबाईंनी स्वतःही कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

घरी येऊन काकांनी काकूंना खिडकीसमोर खुर्चीवर बसवलं, मुद्रितं तपासायचं भिंग काढलं आणि दोन्ही डोळे निरखून पाहिले. मग सुस्कारा टाकून म्हणाले, "नाहीये."

"काय नाहीये?"

"मोती."

"लग्नातही नव्हता," काकू म्हणाल्या आणि भाजी निवडायला गेल्या.

तळमजल्यावर एक निवृत्त कंडक्टर राहायचे. वय सत्तरीच्या पुढे, म्हणजे आशेला जागा होती. काकांनी त्यांना भिंग लावून पाहिलं, विजेरी मारून पाहिलं, मान वर-खाली करून पाहिलं, आणि अगदी पडलेल्या आवाजात सांगितलं, "तुमचे डोळे स्वच्छ आहेत हो. मोतीबिंदूचा टिपूस नाही."

काकांना वाईट वाटलं, पण कंडक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षं ते डोळ्यांच्या भीतीने झुरत होते. दवाखान्याची पायरी चढायचं धाडस होत नव्हतं आणि मुलाला सांगायची लाज वाटत होती. इथे एका शिकलेल्या, पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाने, फुकट, घरबसल्या, भिंग लावून सांगितलं की डोळे स्वच्छ आहेत. कंडक्टरांनी काकांचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांना वाटलं, आपले डोळे चांगले निघाले म्हणून काकांना भरून आलंय. काकांना वाटलं, आपल्याला मोती मिळाला नाही म्हणून कंडक्टर हळहळतायत. दोन भली माणसं एकमेकांचं सांत्वन करत थोडा वेळ उभी राहिली.

बुधवारी सकाळी काकूंनी दार उघडलं तर जिन्यावर अकरा माणसं. सगळी साठीच्या पुढची. सगळ्यात वर, दाराशी, कंडक्टर. त्यांना कित्येक वर्षांनी गर्दी मिळाली होती. "चला, एकेक पायरी सोडून उभे राहा. आजी, तुम्ही पुढे या. अहो टोपीवाले, मागे जागा आहे, दारात थांबू नका."

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. काकांना मात्र देव पावल्यासारखं झालं. एकाच सकाळी बावीस डोळे! साक्षीदार शोधायला गाव पालथं घालायचं, तर गावच जिना चढून आलं होतं. त्यांनी खुर्ची खिडकीशी ओढली आणि एकेकाला बसवायला सुरुवात केली. आणि जो बसेल त्याला ते खरं तेच सांगू लागले : मोती नाही, दिसत नाही, तुमच्यातही नाही. त्यांचा चेहरा जितका उतरायचा, तितका समोरचा फुलायचा. एक आजीबाई तर जाताना त्यांच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. दुसऱ्या एकांनी गुडघाही बघा म्हणून पायजमा वर केला. काकांनी नम्रपणे सांगितलं की 'ग' कधीच छापून झालाय. गृहस्थांना काही कळलं नाही, पण झालाय म्हणजे बरा झाला असेल, असं समजून तेही समाधानाने उतरले.

गुरुवारी रांग फाटकापर्यंत गेली. कंडक्टरांनी पुठ्ठ्यावर 'डोळे बघण्याची वेळ ७ ते ९' असं लिहून जिन्यात टांगलं. काकूंनी तो पुठ्ठा काढला. कंडक्टरांनी दुसरा टांगला.

माणसाला दुसऱ्याच्या डोळ्यांत डोकावायचं एकदा वेड लागलं की त्याला आवरणं कठीण. भगवंताने डोळे दिले ते बाहेर बघणारे दिले. आत बघणारा एखादा द्यायचा राहिला की मुद्दाम ठेवला, त्यालाच ठाऊक. असो, मूळपदावर येऊ.

शुक्रवारी सकाळी रांग दुभंगली आणि मधून डॉक्टरबाई वर आल्या. वय काकांच्या मुलीएवढं असेल, पण पावलांचा आवाज फौजदाराचा. त्यांनी दारातच विचारलं की डोळे तपासणारे ते कोण. कंडक्टरांनी अभिमानाने बोट दाखवलं.

बाई आवाज न चढवता बोलल्या, त्यामुळे ते जास्त लागलं. दोन दिवसांत त्यांच्याकडची नऊ माणसं तपासणीला आलीच नव्हती. निरोप एकच : कोशकाकांनी डोळे स्वच्छ म्हणून सांगितलंय.

"त्यात एक आजी आहेत, काका. काचबिंदू आहे त्यांना. रोज औषध घालावं लागतं. परवापासून बंद केलंय."

"काचबिंदू?" काका गोंधळले. "पण मी भिंगाने बघितलं. काहीच नव्हतं."

"तो बाहेरून दिसत नाही. आतल्या आत नजर खातो. म्हणून तर आम्ही यंत्रं घेऊन बसतो."

काका खुर्चीवर बसले. 'काचबिंदू'ची चिठ्ठी त्यांनीच लिहिली होती, 'क'मध्ये, कित्येक वर्षांपूर्वी. शब्दाची सगळी कुळकथा पाठ होती आणि तो शब्द ज्या आजीच्या डोळ्यांत बसला होता, त्या आजीला त्यांनी हसतमुखाने जिना उतरू दिला होता. त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने डोळे पुसू लागले.

डॉक्टरबाई आणखी काही बोलणार होत्या, पण थांबल्या. वाकून जवळ आल्या. काकांच्याच टेबलावरची विजेरी उचलून त्यांनी काकांच्या डाव्या डोळ्यावर धरली.

"काका, जरा उजवा डोळा झाका."

काकांनी झाकला. क्षणभर थांबून त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही कुठे गेलात?"

बाई होत्या तिथेच होत्या. काकांना उजेड कळत होता, बाकी सगळं साईसारखं पांढरं. दोन वर्षं तरी ते एकट्या उजव्या डोळ्यावर वाचत होते आणि त्या इमानी डोळ्याने एकदाही तक्रार केली नव्हती. डावा कधी मावळला, ते घरमालकाला कळलंच नव्हतं.

"पूर्ण पिकलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "असा हल्ली बघायला मिळत नाही."

काका ताडकन उभे राहिले. "पांढरा आहे? मोत्यासारखा?"

"अगदी."

"गोल?"

"टपोरा." बाई आता थोड्या हसल्या. माणूस शिव्या खायच्या लायकीचा आहे की मायेच्या, याचा त्यांना अंदाज येत चालला होता.

काकांनी घाईघाईने खिशातून चिठ्ठी काढली. चार दिवसांत पन्नासेक माणसांच्या डोळ्यांत शोधलेला मोती त्यांच्याच घरात निघाला होता. पेन बाईंच्या हातात द्यायला ते गेले आणि हात मध्येच थांबला. पहिला रकाना : 'कोणात पाहिले'. तिथे त्यांचं स्वतःचं नाव घालावं लागणार होतं, आणि ते नाव उद्या साहेबांसमोर जाणार होतं. ज्याच्या नजरेवर पुस्तक उभं, त्याची नजर गेली की तो घरी. 'य'पासून 'ह'पर्यंतचं पुस्तक मग दुसरंच कोणी पुरं करणार.

त्यांनी चिठ्ठी घडी घालून परत खिशात ठेवली. डॉक्टरबाईंना वाटलं, काका शस्त्रक्रियेला घाबरले. अर्ध्या तासाचं काम आहे, दुखत नाही, असं त्यांनी समजावलं आणि सोमवारी यायला सांगितलं.

त्या दिवशी काका कचेरीत गेले नाहीत. कंडक्टरांना बरोबर घेऊन ते घरोघर फिरले आणि प्रत्येकाला सांगितलं की मी बघितलेलं रद्द समजा, मला एका डोळ्याने दिसत नाही, दवाखान्यात जा. काचबिंदूवाल्या आजींच्या घरी ते सगळ्यात आधी गेले आणि त्यांनी औषध घालेपर्यंत हलले नाहीत. कंडक्टर आधी फार रागावले होते. पण दवाखान्याबाहेर एवढी माणसं एकदम जमलेली बघितल्यावर त्यांना राहवेना. "एकामागे एक," ते म्हणाले आणि कामाला लागले.

संध्याकाळी काकांनी काकूंपुढे मन मोकळं केलं. रकान्यात 'एक वृद्ध गृहस्थ' असं मोघम लिहावं का, असा त्यांचा विचार होता. किंवा 'आढळले नाही' छापू द्यावं. जगात कोणाचं अडणार होतं? काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"खोटंच लिहायचं होतं," त्या म्हणाल्या, "तर अठ्ठावीस वर्षं रोज उशिरा घरी का येत होता?"



शनिवारी काका कचेरीत निघाले तेव्हा काकूही निघाल्या. एका डोळ्याच्या माणसाला रस्ता ओलांडू देणार नाही, म्हणाल्या. काल ओलांडला होता, परवा ओलांडला होता, पण काल-परवा त्यांना मोती असल्याचं कोणी सांगितलं नव्हतं, असं काका धरून चालले. कचेरीत काकू खिडकीशी स्टुलावर बसल्या आणि काका साहेबांच्या टेबलासमोर उभे राहिले.

"साक्षीदार मिळाला?"

"मिळाला, साहेब."

"कोण?"

"मी. म्हणजे, साक्ष माझ्या डाव्या डोळ्यात आहे. पूर्ण पिकलाय. दोन वर्षं मला त्याने दिसत नाही आणि मला ते माहीत नव्हतं. नियम मला ठाऊक आहे. 'म' तेवढा नीट छापा, मी घरी जातो."

साहेब उठले, टेबलाच्या कडेकडेने पलीकडे आले, जाड चष्मा काढला आणि काकांच्या चेहऱ्याजवळ चेहरा आणला. बराच वेळ गेला.

"कुठल्या डोळ्यात म्हणालात?"

"डाव्या."

"हं." आणखी थोडा वेळ. "मोठा आहे का?"

काकांनी पापणी बोटाने वर ओढून धरली.

"पांढराच आहे ना?"

"साहेब," काका हळूच म्हणाले, "बघताय तुम्ही."

साहेब मागे सरले नाहीत. दोघांच्या नाकांत चार बोटांचं अंतर होतं, खिडकीतून उजेड सरळ साहेबांच्या तोंडावर येत होता, आणि काकांचा उजवा डोळा शाबूत होता. गेले चार दिवस ज्याच्यासाठी गावभर हिंडले, ते काकांना आता एकाऐवजी दोन दिसले. साहेबांच्या एका बाहुलीत धुरकट, दुसरीत दुधासारखा.

"दीड वर्ष झालं," साहेब म्हणाले. खुर्ची चाचपून ते बसले. "तुम्हाला रोज मुद्रितं मोठ्याने वाचायला लावतो, चुका कानाला जास्त कळतात म्हणतो, ते काय उगाच? मला फक्त काळ्या मुंग्या दिसतात. डॉक्टरकडे जायला हवं होतं. पण ज्या माणसाला मी याच कारणावरून घरी पाठवलं, तो उद्या दवाखान्यात बाकावर शेजारी बसलेला भेटला, तर काय तोंड दाखवू?"

काकांनी सांगितलं की तपासनिसांनी गेल्याच वर्षी डोळा करून घेतलाय आणि ते आता लांबून बसवरची पाटी वाचतात. साहेबांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "नियम दोघांना लावला तर 'य' कोण करणार?" थोड्या वेळाने म्हणाले, "त्यांना बोलवा. नाही, नको. मीच जातो. तू मला घेऊन चल." अठ्ठावीस वर्षांत साहेबांनी काकांना पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं.

पण छापखान्याचा माणूस बाहेर येऊन बसला होता आणि चिठ्ठीचे रकाने कोरेच होते. काकांनी 'कोणात पाहिले'मध्ये स्वतःचं नाव लिहिलं. साहेब म्हणाले, माझंही लिही, लपवून काय उपयोग. आता राहिला साक्षीदार. काका सही करायला वाकले तर साहेबांनी हात आडवा घातला. ज्याच्या स्वतःच्या डोळ्यात मोती, त्याची साक्ष आपण घेत नाही. दुखणं आलं म्हणून नियम पातळ करायचे नाहीत. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, जितकं दिसत होतं तितकं. मग दोघांनी एकदमच मान वळवली.

काकू उठल्या. पदराने हात पुसून त्यांनी साहेबांना उजेडाकडे तोंड करायला सांगितलं, दोन्ही डोळे नीट पाहिले आणि त्यांच्या नावापुढे आपली सही करून आजची तारीख घातली. मग नवऱ्याच्या नावापुढे सही केली आणि तारीख घातली. नवऱ्याच्या डोळ्याकडे त्यांनी मान वर करूनही बघितलं नाही.

साहेबांनी चिठ्ठी वाचून दाखवायला सांगितली. काकांनी वाचली आणि अडखळले. "अगं, तारीख चुकलीये. ही दोन महिन्यांपूर्वीची आहे."

"चुकली नाहीये," काकू म्हणाल्या. "पाहिला तेव्हाची आहे. तुम्ही जेवत होता. मी म्हटलं, अहो, तुमच्या डोळ्यात पांढरं काय दिसतंय? तुम्ही म्हणालात, खिडकी दिसत असेल. सोमवारी मला खुर्चीवर बसवून भिंग लावलंत, तेव्हा इतक्या जवळून परत दिसला. सांगायला तोंड उघडलं, तर म्हणालात, हलू नकोस, मी मोती शोधतोय."

साहेबांच्या घशातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता, हे कळायला कचेरीला वेळ लागला, कारण तो तिथे कोणी ऐकलेला नव्हता.

काकांनी चिठ्ठी उजव्या डोळ्याजवळ धरली. सवयीने लाल पेन्सिल हातात घेतली. नावं पाहिली, सह्या पाहिल्या, तारखा पाहिल्या, पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पेन्सिल खाली ठेवली आणि चिठ्ठी छापखान्याच्या माणसाकडे दिली. दुरुस्त करण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.